पोचे आलेल्या वाट्या, अकरा

"अभिमननी वाटी काढी दे बरं. आखाजी उनी आते," माय बाजेवरून म्हणाली तेव्हा पितांबर स्टुलावर चढून एकोणीस नंबरचा खोका माळ्यावर ढकलत होता, आणि खोटं कशाला बोला, त्याला बरंच वाटलं. धुळ्याचं घर हलवून जळगावच्या या तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहायला आल्याला आज चौथा दिवस. चार दिवस तो याचीच वाट बघत होता, की घरातल्या कुणीतरी काहीतरी मागावं आणि आपण वहीसुद्धा न उघडता नंबर सांगावा. पण कुणी काही मागेल तर शपथ! मुलगा हितेंद्र काय तो मोबाइल आणि चार्जर घेऊन हिंडायचा, सुनेचं, भूमिकाचं, स्वयंपाकघर आधीच लागलेलं, आणि बायको, दिपमाला, तर दिसेल त्या खोक्यात हात घालून हवं ते उपसून मोकळी व्हायची, नंबर गेला खड्ड्यात. शेवटी मागितलं ते ब्याऐंशी वर्षांच्या मायनं, जिला काचबिंदूमुळे खोका तर सोडाच, खिडकी कुठे आहे तेवढंच कळतं. "चौदा नंबर, माय!" तो वरूनच म्हणाला. "लाल पट्टी. स्टील, लहान." आणि धडाधड खाली उतरला.

सामान कसं हलवावं हे खरोखर पितांबरला विचारावं. पाटबंधारे खात्याच्या भांडारात त्यानं चौतीस वर्षं भांडारपाल म्हणून काढलेली, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या फळीवर हे डोळे मिटून सांगायचा. ज्या धुळे शहरानं आपल्या गल्ल्यांना नावं ठेवायचासुद्धा कंटाळा करून सरळ नंबर देऊन टाकले, त्या शहरात वाढलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? भूमिकाच्या माहेरचा सावद्याला केळीचा व्यापार, तिथून बाजूला गोल भोकं असलेले कोरे खोके आले. त्यानं प्रत्येकावर तीन बाजूंनी नंबर घातले. झाकणावर नाही, कारण खोक्यावर खोका बसला की झाकणावरचा नंबर कुणाच्या बापाला दिसणार? स्वयंपाकघराला लाल पट्टी, झोपायच्या खोलीला निळी, मायच्या खोलीला हिरवी. पलंगाचे स्क्रू पिशवीत आणि पिशवी पलंगाच्याच पायाला बांधलेली. टीव्हीच्या वायरी सोडण्याआधी त्यांचे फोटो काढलेले. पुस्तकं लहान खोक्यात, उशा मोठ्या खोक्यात. चहा, साखर, दिवा, काडेपेटी, कात्री, डोकेदुखीच्या गोळ्या हे सगळं एक नंबरमध्ये, आणि तो ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी, म्हणजे उतरताना सगळ्यात आधी. ट्रकवाला म्हणाला होता, "काका, तुम्ही आमच्याकडंच या ना कामाला." हे वाक्य पितांबरनं आतापर्यंत सात जणांना फोनवर सांगितलं होतं. त्रेचाळीस खोके धुळ्याला चढले, त्रेचाळीस जळगावला उतरले, लोणच्याच्या बरणीला तडासुद्धा गेला नाही. असं आहे.

चौदा नंबर त्यानं मायच्या बाजेपाशी आणून ठेवला. कूलर घरघरत होता, तरी पडद्याच्या फटीतून बाहेरच्या उन्हाचा झोत आत यायचाच. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, परवावर आली होती. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, रस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, निखाऱ्यावर घास टाकायचा. आणि माय दरवर्षी न चुकता घागरीपुढे एका वाटीत आंब्याचा रस ठेवायची. ती अभिमनची वाटी. अभिमन म्हणजे पितांबरचा धाकटा भाऊ, एकोणिसाव्या वर्षी काविळीनं गेला, त्याला आता एकोणचाळीस वर्षं झाली. पितांबरनं ती वाटी दरवर्षी पाहिली होती, पण भरलेली. रसानं काठोकाठ भरलेली वाटी कोण निरखून बघतं? "वाटी नको, गठोडं काढ," माय म्हणाली. "वाटी गठोडामां शे." तेव्हा त्याच्या हाताला, का कोण जाणे, खोक्याची चिकटपट्टी लवकर सापडेना. "गठोडं नई शे, माय," तो म्हणाला. मायशी तो अहिराणीतच बोलायचा, आणि ऑफिसात चौतीस वर्षं शुद्ध बोलून झालेल्या त्याच्या तोंडात ती अजूनही लहान मुलासारखी यायची. "मी बठ्ठं नीट लायेल शे. वाट्यास्मां वाट्या. देख, आठेच शे."

मायनं पाय खाली सोडले आणि हात पुढे केला. त्यानं एकेक वाटी द्यायची, तिनं अंगठ्यानं बाहेरून चाचपायची, एक गरका द्यायचा, आणि शेजारी ठेवायची. एक. दोन. पाच. त्याला आपल्या बांधणीचं कौतुक वाटायला पाहिजे होतं, वाट्या कशा एकीत एक बसलेल्या, प्रत्येकीत वर्तमानपत्राचा कागद. पण बारावी-तेरावी वाटी देताना त्याला सहावं पान आठवलं. वहीचं सहावं पान, खालून तिसरी ओळ. तरी तो देत राहिला, ती चाचपत राहिली. तेविसावी वाटी तिनं दोनदा फिरवली, म्हणून क्षणभर त्याला आशासुद्धा वाटली, बघा माणसाचं मन किती लबाड असतं ते. "यामां नई शे," ती म्हणाली. "दुसरा खोकामां व्हई. देख." आणि तिनं पाय वर घेतले, भिंतीकडे तोंड केलं आणि निजली. रागावली नव्हती. रागावली असती तर किती सोपं झालं असतं!

सहावं पान, खालून तिसरी ओळ: पोचे आलेल्या, बिनजोड वाट्या, अकरा. मोडीत. अक्षर किती सुबक होतं त्याचं, साहेब लोक वाखाणायचे.

आता ही गाठोडी काय होती ते सांगायला पाहिजे. धुळ्याला देवपुरातल्या घरात मागच्या खोलीत एक लाकडी संदूक होती, आणि तिच्यात मायची पाच गाठोडी. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांत बांधलेली, प्रत्येकाची गाठ निराळी, म्हणजे डोळे गेल्यावरही तिला गाठीवरूनच कळायचं कुणाचं कुठलं. एक आबांचं, म्हणजे पितांबरच्या वडिलांचं, एक तिच्या सासूचं, एक अभिमनचं. बाकीच्या दोहोंची पितांबरला काही माहिती नव्हती आणि त्यानं कधी विचारलंही नव्हतं. त्याच्या दृष्टीनं ती संदूक म्हणजे घराच्या व्यवस्थेतला एक डाग होता. भांडारात एखाद्या कोपऱ्यात 'इतर' म्हणून ढीग पडलेला असतो, आणि तपासणीला साहेब आला की नेमका तोच त्याच्या डोळ्यांत खुपतो, तसं. म्हणून निघायच्या आठ दिवस आधी त्यानं मायला दिपमालाबरोबर पुढे जळगावला पाठवून दिलं. सगळ्यांना सांगितलं की मायला धूळ सहन होत नाही. तेही खरंच होतं. पण त्याहून खरं हे होतं की त्याला कुणाची लुडबुड नको होती. गाडीत बसताना मायनं त्याचा हात धरून ठेवला होता. "मना गठोडास्ले हात नको लावू, भाऊ. जसं शे तसंच लई ये." तो म्हणाला, "हा माय, हा माय." दोनदा म्हणाला. दोनदा 'हा' म्हणणारा माणूस एकदाही ऐकत नसतो, हे त्याला भांडारातल्या शिपायांमुळे चांगलं माहीत होतं, पण स्वतःच्या तोंडातला 'हा' कोण तपासतो?

आणि मग त्या रिकाम्या होत चाललेल्या घरात, एका दुपारी, त्यानं पाचही गाठोडी फरशीवर सोडली. त्याला त्या वेळी काय वाटलं होतं ते आता आठवताना त्याचे कान तापले, कारण त्याला मजा वाटली होती. खरंच मजा. केवढी सरमिसळ! एका गाठोड्यात वाटी, शर्ट, कंगवा, पट्टा, शाईचं पेन. दुसऱ्यात चष्मा, टोपी, चमचा, अडकित्ता. प्रत्येक जिन्नस पाच ठिकाणी. त्यानं फरशीवर चादर पसरली आणि वाटण्या केल्या, स्टीलकडे स्टील, कापडाकडे कापड, कागदाकडे कागद. चमचे चमच्यांत गेले, पेनं पेनांच्या डब्यात, दोन चष्मे, तीन मफलर, चार पट्टे. पोचे आलेल्या आणि जोडी नसलेल्या वाट्या, घरभरातल्या मिळून अकरा, मोडीच्या पोत्यात. तुटके कंगवे कचऱ्यात. लुगड्यांचे तुकडे मऊ होते, ते टीव्हीभोवती गुंडाळायला बरे. संध्याकाळपर्यंत संदूक रिकामी आणि वही भरलेली. एका गाठोड्यात एक तांब्याची लहान फुलपात्री होती आणि लोकरीचं टोपडं होतं, त्यावर निळा गोंडा. ते हातात घेऊन तो जरा थांबला होता, एवढं मात्र आठवतं. मग टोपडं कापडात गेलं.

"पप्पा, एवढं काय झालं? दुसऱ्या वाटीत ठेवू ना रस," हितेंद्र म्हणाला. भूमिकानं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. तिचं माहेर सावद्याचं, तिकडेही आखाजीला घागर भरतातच, तिला कळलं. दिपमाला कणीक मळता मळता म्हणाली, "तुम्हाला त्या बाईनं एक सांगितलं होतं. एकच." एवढंच. पस्तीस वर्षांच्या संसारात ती फार बोलली नाही आणि बोलली ते विसरू दिलं नाही. पितांबर गॅलरीत गेला आणि धुळ्याच्या भांडीवाल्याला फोन लावला. मोड त्यानंच नेली होती. "साहेब, तो माल तर त्याच दिवशी गेला," भांडीवाला म्हणाला. "वाटी? कशी व्हती वाटी?" कशी होती? काठाला पोचा होता की बुडाला? उथळ होती की खोल? ज्या माणसाला तीन इंची आणि साडेतीन इंची वॉशर अंधारात हाताला कळायचा, त्याला सख्ख्या भावाची वाटी सांगता येईना. "राहू दे," तो म्हणाला. खाली रस्त्यावर डांगरवाला गाडी लावून उभा होता, डांगरांवर ओलं पोतं टाकलेलं. पितांबर त्या पोत्याकडे बघत किती वेळ उभा राहिला कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एक वेडगळपणा केला. त्याला वाटलं, वाटी नाही तर नाही, अभिमनचं बाकीचं गाठोडं तर परत बांधता येईल. सगळं घरातच तर आहे! वही आहे, नंबर आहेत, कुठली वस्तू कुठे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. बावीस नंबरातून त्यानं मफलर काढले, तीन. सहातून पेनं काढली, नऊ. चाळीसातून पट्टे, चार. चौदातून जुने चमचे. मायच्या बाजेशेजारी फरशीवर ओळीनं मांडले आणि मांडी घालून बसला. यातला अभिमनचा मफलर कुठला? करड्या चौकटीचा? पण तो घालून आबा हिवाळ्यात पांझरेच्या पुलावर फिरायला जायचे असंही दिसत होतं. की आबांनी तो अभिमन गेल्यावर घालायला घेतला होता? पेन? अभिमनला शाईचं पेन आवडायचं, पण शाईची तर तीन होती. त्याला अभिमनचं हसणं आठवत होतं, सायकलवर मागे बसून पाय हलवायची सवय आठवत होती, शेवटच्या आठवड्यातले हळदीसारखे डोळे आठवत होते, आणि त्याच्या कमरेचा पट्टा आठवत नव्हता. आठवायची गरजच कधी पडली नव्हती. ते काम माय करत होती, एकटी, गाठी मारून. "काय करस भाऊ?" मायनं विचारलं. तिला वस्तू मांडल्याचा आवाज आला असावा. "काही नई. लावालाव." "बठ्ठं शे ना?" "बठ्ठं शे, माय," तो म्हणाला. "एक चमचाबी हारपना नई." हे खरं होतं. वाट्या आणि कंगवे सोडले तर त्या पाच गाठोड्यांतली एकूण एक वस्तू घरात होती, आणि कुणाची कुठली हे आता ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता आलं नसतं. माय घागरीपुढच्या दिव्याची वात वळत होती, ती वळतच राहिली.

पुढचं जे त्यानं केलं ते साठी उलटलेल्या माणसानं करायचं नव्हतं. पण केलं. दुपारचे दोन वाजले होते, जळगावचं पंचेचाळीस अंशांचं ऊन, सगळं घर कूलरपुढे आडवं झालेलं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. त्यानं चौदा नंबरातून एक वाटी निवडली. दिपमालाच्या लग्नातल्या वाट्यांवर नावं कोरलेली होती, त्या नकोत. बिननावाची, जुनी, जरा जाड अशी एक सापडली. ती त्यानं टॉवेलात गुंडाळली, स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला आणि गॅलरीत गेला. फरशी तव्यासारखी तापलेली, पायांना चटके बसत होते, आणि तो उकिडवा बसून विचार करत होता की पोचा कुठे पाडायचा. मायनं वाट्या चाचपल्या तेव्हा तिचा अंगठा काठाखाली, बाहेरून फिरत होता. म्हणजे पोटाला. ठीक. पहिला घाव घातला तो हुकला, टॉवेलच सरकला. दुसऱ्यानं काही झालं नाही, जुनं स्टील, मेलं ढिम्म. तिसरा त्यानं रागानं घातला. कुणाचा राग ते विचारू नका. आवाज झाला, पोचा पडला, आणि त्या आवाजानं त्याच्या उजव्या खांद्यात काहीतरी लखकन हललं, जसं काही हा घाव त्या हातानं आधी कधी घातला होता. पण धुळ्याच्या घरात काय कमी वेळा वरवंटा उचलला होता? त्यानं वाटी उन्हात धरून पाहिली. पोच्याच्या कडा तकतकत होत्या. मग तो राख आणि काथ्या घेऊन त्या कडा घासत बसला, घामानं भिजून, एखाद्या चोरासारखा, आणि मनात म्हणत होता, माय, तुला एवढंच पाहिजे ना, घे, एवढंच पाहिजे ना.

संध्याकाळी त्यानं वाटी तिच्या हातात ठेवली. "सापडनी," तो म्हणाला. "सत्तावीस नंबरमां व्हती. मनीच चूक." खोट्यालासुद्धा नंबर लावल्याशिवाय त्याला राहवलं नाही. मायनं वाटी दोन्ही हातांत घेतली. अंगठा फिरला, पोच्यापाशी आला, थांबला. पितांबर तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. दारात दिपमाला उभी होती, हाताला पीठ. अंगठा पोच्यात आत गेला, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आला, परत आत गेला. "बरं व्हयनं," माय म्हणाली, आणि वाटी उशाशी ठेवली. दिपमालानं नवऱ्याकडे एकदा पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं, तळव्यांच्या कडांना गॅलरीतल्या फरशीचे लाल डाग पडले होते, आणि आत गेली. त्या रात्री तो गाढ झोपला. ह्याचीच पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली, की आपण झोपलो.

आखाजीला सकाळी घागर भरली. फ्लॅटमध्ये चूल कुठून आणायची, म्हणून भूमिकानं घमेल्यात गोवरी पेटवली आणि धूर झाला म्हणून हितेंद्रनं सगळ्या खिडक्या उघडल्या. घागरीवर डांगर बसवलं, पुढे पुरणपोळ्या, कुरडया, भजी. मायला हाताला धरून आणलं. "रस," ती म्हणाली, आणि उशाशी ठेवलेली वाटी पदराखालून काढली. दिपमालानं रस ओतला. मायनं बोट बुडवून काठ गाठला का ते पाहिलं, आणि वाटी घागरीपुढे ठेवली. पितांबरनं निखाऱ्यावर घास टाकले, आबांच्या नावानं, आजीच्या नावानं, अभिमनच्या नावानं. तूप चरचरलं. घास टाकताना दरवर्षी त्याच्या मनात काही यायचं नाही, कधी एकदा जेवायला बसतो असं व्हायचं. आज त्याला वाटलं, अभिमन इथे आला तर काय म्हणेल? तो येईल, वाटी बघेल, आणि म्हणेल, ही माझी नाही. तो सरळ होता, तो म्हणेलच. वाटी भरलेली होती, तिचा पोचा घागरीच्या बाजूला होता, कुणाला दिसत नव्हता.

जेवणं झाल्यावर मायनं त्याला खोलीत बोलावलं. तिनं वाटी धुऊन घेतली होती, पुसली होती. "लुगडाना तुकडा दे," ती म्हणाली. तुकडे टीव्हीवरून काढून तेहतीस नंबरात ठेवले होते, हे त्याला माहीत होतं. त्यानं आणून दिला, मऊ, विटलेला, हिरव्या काठाचा. तिनं मांडीवर पसरला, मधोमध वाटी ठेवली. तो तिच्यासमोर उभाच राहिला. मग तिचा अंगठा पुन्हा त्या पोच्यात गेला.

"पहिला पोचाबी तूच पाडेल व्हता, भाऊ," ती म्हणाली. "हाऊबी तुनाच."

आवाजात काही नव्हतं. ऊन फार आहे म्हणावं, तसं. आणि पितांबरच्या उजव्या खांद्यात काल जे हललं होतं ते आता सगळंच्या सगळं वर आलं. धुळ्याचं घर, मागची खोली, तो सोळा वर्षांचा, अभिमन तेरा. काडेपेट्यांवरची चित्रं जमवायचा पितांबरला नाद होता, एका पत्र्याच्या डब्यात जातवार लावलेली, वाघ वाघांत, जहाजं जहाजांत, देव देवांत. एक दिवस शाळेतून आला तर अभिमननं सगळी जमिनीवर काढून नवीन वाटण्या केल्या होत्या. ज्यानं दिलं त्याचा एक ढीग, आणि त्यात वाघ, जहाज, देव, सगळं एकत्र. "दादा, देख ना, हाई आबानी आणेल, हाई मामानी, हाई शेजारना अक्कानी, जी जेन्ही दिधी ती तेन्हाजोडे," तो म्हणत होता, इतका खूश होऊन म्हणत होता. पितांबरनं पुढ्यातली वाटी उचलली आणि फेकून मारली. ती अभिमनच्या कोपराला लागून पाट्यावर आदळली. अभिमन रडला नाही. वाटी उचलून त्यानं पोच्यावर बोट फिरवलं, आणि त्या दिवसापासून जेवायला बसला की म्हणायचा, पोचावाली मनी, ती कोणी लेवानी नई. सहा वर्षं तो त्याच वाटीत जेवला. माय ते सगळं बघत होती, दारात उभी राहून, सूप हातात घेऊन. आणि तो हे विसरला होता. पितांबर, ज्याला चौतीस वर्षांतला एकूण एक बोल्ट तोंडपाठ!

"माय," तो म्हणाला. माफी मागावी तर कुठल्या पोच्याची? तो फरशीवर बसला आणि त्यानं तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, आणि सगळं घर जागं असताना, पलीकडे टीव्ही चालू असताना, मोठ्यानं रडला. मायनं त्याच्या टकलावर हात ठेवला, तो रसानं अजून जरा चिकट होता. "तुनंबी व्हतं एक," ती म्हणाली. "तांबानी फुलपात्री. निळा गोंडानं टोपडं. मी मरसू तवय दिपमालाजोडे देवानं व्हतं." मग तिनं त्याचं डोकं हळूच बाजूला केलं, कारण तिला मांडीवरचं काम पुरं करायचं होतं.

लुगड्याची चार टोकं तिनं वर घेतली. बोटं चुकत नव्हती. गाठ दुहेरी पडली, एक फेरा उलटा, अशी गाठ त्यानं त्या दिवशी धुळ्याला पाच मिनिटं खटपट करून शेवटी कात्रीनं कापली होती. "अभिमननी वाटी गई," माय म्हणाली, आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं. "हाई आते तुनी." त्याच्या हातात ते फार हलकं लागलं. बाहेरून दिपमालानं विचारलं, ते आता कुठल्या खोक्यात ठेवायचं. पितांबर उठला, तोंड धुतलं, आणि बाविसाव्या खोक्यात टोपडं शोधायला गेला.